पगार देणाऱ्या हातात संहिता नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यात्रांचा हंगाम सरत आला की आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत तमाशा, संगीत बारी आणि कलाकेंद्रे यांच्याविषयी तक्रारींची पत्रे येऊ लागतात, तशी ती यंदाही आली. यावेळच्या काही पत्रांत मात्र एक नवी मागणी दिसली. नाटकांच्या संहिता तपासणारे परिनिरीक्षण मंडळ राज्यात आहेच, पण ते पुरेसे नाही. प्रत्येक तालुक्यात सरकारी समिती नेमावी, तिने तमाशाच्या फडाची गवळण, बतावणी म्हणजे विनोदी संवाद, आणि वग म्हणजे मुख्य नाट्य आधी वाचून मंजूर करावे, प्रयोगाच्या वेळी एका अधिकाऱ्याने राहुटीत बसून मंजूर मजकुराबाहेर काही बोलले जात नाही ना हे पाहावे, आणि या अटी पाळणाऱ्या फडालाच अनुदान मिळावे, असे हे पत्रलेखक सुचवितात. एका सुशिक्षित वाचकाने तर दाखला म्हणून कम्युनिस्ट चीनचे नाव घेतले आहे: क्रांतीनंतर चार-पाच वर्षांत त्या सरकारने लोकरंगभूमीतील बीभत्सपणा आणि अंधश्रद्धा झाडून काढली, मग ते आपल्याला का जमू नये? इतिहास शिकविण्यात माझी हयात गेली असून विसाव्या शतकातील चीन हा माझ्या विशेष आवडीचा भाग आहे. हा दाखला अर्धाच दिला गेला आहे, आणि जो अर्धा राहिला तोच आपल्या कामाचा आहे, म्हणून हे लांबलेले पत्र.

प्रथम चीनच्या पदरात जे माप घालायला हवे ते घालतो. १९४९ च्या क्रांतीपूर्वीच्या चिनी संगीतनाट्य मंडळ्यांत गरिबांची मुले कोवळ्या वयात करारावर गुरूच्या स्वाधीन केली जात. शिकण्याच्या काळातील त्यांची सारी कमाई गुरूची, आणि मारहाणीत मूल दगावले तरी गुरूला जाब विचारायचा नाही, असे कलम अशा करारांत असे. मुलींना नावापुरते दत्तक घेऊन त्यांच्या कमाईवर जगणारी घरे होती. खेळ ठरविणारे आणि नट जमविणारे दलाल मंडळ्यांच्या मानेवर बसलेले होते. ५ मे १९५१ रोजी पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या सहीने रंगभूमी-सुधारणेचा जो आदेश निघाला, त्यात या तिन्ही प्रथांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि त्या मोडण्याचा हुकूम आहे. नाटके बदला, माणसे बदला, व्यवस्था बदला, असे त्या आदेशाचे तीन पदर मानले जातात. कलावंतांसाठी साक्षरतेचे वर्ग निघाले, पुढे सरकारी मंडळ्यांत ठरलेला पगार सुरू झाला. ज्यांना समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले होते त्यांना सभांमध्ये खुर्ची मिळाली. स्त्री-भूमिकांसाठी जगभर नावाजलेले मेई लानफांग राष्ट्रीय रंगभूमी संशोधन संस्थेचे प्रमुख झाले.

हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला उचल आठवल्यावाचून राहत नाही. फडमालक सावकाराकडून पैसे उचलतो, कलावंत फडमालकाकडून उचलतो, आणि हंगाम संपताना दोघांच्याही हाती फेडायची बाकी तेवढी उरते. पावसाने एखाद-दुसरी मोठी यात्रा बुडविली की ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळते. चीनच्या त्या आदेशातील दलालांचे कलम आपल्याकडे कुणी आणू म्हणेल तर मी पहिली सही करीन. पण आलेल्या पत्रांत त्याबद्दल अवाक्षर नाही. अनुदानाचा उल्लेख आहे तो केवळ समितीचे ऐकविण्यासाठी दाखवायचे आमिष म्हणून.

आता दुसरी बाजू. तिची सुरुवात १९४२ च्या मे महिन्यात येनान या कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या तळावर झालेल्या, पक्षाचे नेते माओ यांच्या भाषणांपासून करावी लागते. कला ही कामगार, शेतकरी आणि सैनिक यांच्यासाठी आहे, आणि राजकीय कसोटी आधी, कलेची नंतर, हे सूत्र तेथे ठरले. उत्तर चीनच्या खेड्यांत नववर्षाच्या सुमारास यांगको नावाचा समूहनाच चालतो. त्यात विदूषकांची आणि बायकांची सोंगे घेतलेल्या पुरुषांची चावट छेडछाड असे. पक्षाच्या कलावंतांनी तो नाच घेतला, छेडछाड काढली, नाचाच्या अग्रभागी छत्री घेऊन चालणाऱ्याच्या हाती हातोडा आणि विळा दिला, आणि पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्या भावंडांची गोष्ट त्यात गुंफली. लोकांनी ती स्वीकारली, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४५ साली येनानमध्ये आलेल्या ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ या संगीतनाट्याचे यश तर अस्सल होते. कर्जापायी बाप विष पिऊन मरतो, जमीनदार मुलीला उचलून नेतो, ती डोंगरात पळून जाते, मीठ आणि ऊन यांच्या अभावी तिचे केस पांढरे होतात आणि गावकरी तिला भूत समजतात, ही कथा ज्या प्रेक्षकांनी पाहिली त्यांच्या घरांत त्या कर्जाच्या चिठ्ठ्या होत्या. पहिल्या रूपात जमीनदाराला देहदंड नव्हता. पक्षातील वरिष्ठांना ते खटकलेच, पण कला अकादमीच्या स्वयंपाकघरातील आचाऱ्यानेही नापसंती बोलून दाखविली, आणि शेवट बदलला गेला. प्रेक्षकाच्या बोलण्याने नाटक बदलते आहे, अशी ही अवस्था होती. सत्ता तेव्हा अजून वाटेवर होती आणि माणसे जोडायची होती, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते.

१९४९ नंतर प्रेक्षकाच्या जागी कार्यालय आले. सांस्कृतिक मंत्रालयाने १९५० ते १९५२ या काळात एकूण २६ नाटकांवर बंदी घातली. एवढ्या मोठ्या देशात २६ म्हणजे काहीच नाही, असे कुणी म्हणेल, आणि कागदावर ते खरेही आहे. प्रत्यक्षात जिल्ह्या-तालुक्यांतील अधिकाऱ्यांनी आपापल्या बुद्धीने आणखी कितीतरी नाटके बंद पाडली. राजा दिसला की सरंजामी, देव दिसला की अंधश्रद्ध, प्रेम दिसले की अश्लील, हा त्यांचा सोपा हिशेब होता. एखादे नाटक चुकून चालू राहिले तर आपली मान अडकेल, बंद केले तर कुणी विचारणार नाही, हे खालच्या अधिकाऱ्याला कोणत्याही देशात पक्के ठाऊक असते. शेवटी बंदीचा अधिकार केंद्राकडेच राहील, खालच्यांनी परस्पर बंदी घालू नये, असे त्याच १९५१ च्या आदेशात सांगावे लागले. तालुका समित्यांची मागणी करणाऱ्यांनी एवढे एक कलम तरी वाचावे. शांघाय आणि सूचौ भागातील कथेकऱ्यांनी तर हुकमाची वाटही पाहिली नाही; १९५१-५२ च्या सुमारास त्यांनी पिढीजात कथा आपण होऊन सोडल्याचे जाहीर केले आणि घाईने रचलेल्या नव्या कथा सांगू लागले. श्रोते पांगले, आणि काही काळाने जुन्या कथा हळूहळू परत आल्या.

सुधारणेचा हात रंगमंचावर किती बारीकसारीक गोष्टींपर्यंत पोहोचला होता, तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या चिनी रंगमंचावर साध्या कपड्यातला एक माणूस प्रेक्षकांदेखत वावरत असे. नट गुडघे टेकणार असला की तो नेमक्या क्षणी उशी भिरकावी, खुर्च्या हलवी, गाऊन घसा सुकलेल्या नटाला चहाचा पेला देई, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. सुधारकांना हे गबाळे वाटले. तो माणूस हटविला गेला आणि पडदा आला. बांधलेल्या पायांचा आभास देणारे लाकडी उंच जोडे बंद झाले, यात दुःख करण्यासारखे नाही. ती खूण मुळातच क्रूर प्रथेची होती. पण सर्वांत खोल बदल वेगळाच होता. अनेक मंडळ्या लिखित संहितेशिवाय खेळत. प्रवेशांचा क्रम आणि ठळक प्रसंग लिहिलेला एक कागद पडद्यामागे टांगलेला असे, आणि संवाद नट जागेवर रचीत. ही पद्धत मागास ठरली. लिहिलेली संहिता आणि दिग्दर्शक यांची सक्ती झाली, कारण जे लिहिलेले नाही ते तपासता येत नाही. आपली बतावणी नेमकी अशीच चालते. सोंगाड्या आणि सरदार यांची जुगलबंदी त्या गावात त्या दिवशी काय घडले यावर उभी राहते. लोह्याच्या माळेगावात खंडोबाच्या यात्रेत जी कोटी टाळ्या घेते ती येरमाळ्याला तशीच्या तशी केली तर पडते, आणि हे ओळखण्यातच सोंगाड्याचे कसब असते. ती महिनाभर आधी लिहून समितीकडे द्यायची म्हटले तर फडाने एक मेलेली बतावणी लिहून द्यावी आणि जिवंत बतावणी चोरून करावी, एवढेच व्हायचे.

मेई लानफांग यांनी १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये तिआनजिनच्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना अगदी सौम्य शब्दांत सांगितले होते की आशयाची सुधारणा आणि कलारूपाची सुधारणा एकात एक मिसळू नये; पाऊल पुढे टाकावे पण रूप बदलू नये. ज्यांना सरकार डोक्यावर घेऊन मिरवीत होते, त्या कलावंतालाही त्याच महिन्यात जाहीर सभेत हे मत बदलून घ्यावे लागले. बाकीच्यांनी त्यातून काय समजायचे ते समजून घेतले.

भुतांचा प्रश्न आमच्या भागाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. अंधश्रद्धा नको, पण पुराणकथा चालेल, अशी विभागणी चिनी सुधारकांनी केली आणि मग कोणते काय यावर वर्षानुवर्षे वाद घातला. लिआंग-झू या प्रेमकथेतील दोघे मरणानंतर फुलपाखरे होतात; ती चालली, एवढेच नव्हे तर तिच्यावरचा रंगीत चित्रपट १९५४ साली जिनिव्हा परिषदेच्या वेळी चौ एन-लाय यांनी परदेशी पाहुण्यांना अभिमानाने दाखविला. सूड घेणारी स्त्रीभुते कधी चालली, कधी नाही. १९६३ मध्ये भुतांची नाटके सरसकट थांबविण्यात आली. ही फूटपट्टी घेऊन एखादा अधिकारी पैठणला आला तर काय करील? नाथांच्या भारुडात पंढरीचे एक जबरदस्त भूत आहे, ते ज्याला झपाटते त्याचा संसार सुटतो. शब्दशः वाचणाऱ्याला त्यात झपाटणे दिसेल आणि तो लाल शेरा मारील. अंगात येणाऱ्यांची, जोशी-गारुड्यांची सोंगे घेऊनच नाथांनी अंगात येण्याची टर उडविली, हे त्याच्या नमुन्याच्या कोणत्याही रकान्यात बसणार नाही. पोतराज आणि गोंधळी यांच्याबाबत तर तो पहिल्याच दिवशी हात वर करील.

विनोदाचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही. दोन माणसांनी उभ्या-उभ्या करायच्या चिनी विनोदी संवादाला सियांगशंग म्हणतात. आपल्या बतावणीला सर्वांत जवळचा प्रकार तोच. १९५० च्या जानेवारीत बीजिंगच्या कलावंतांनी, त्यांत प्रसिद्ध हौ बाओलिन होते, साहित्यिक लाओ श यांच्या मदतीने एक सुधारणा गट स्थापन केला. शिवराळ, अपंगांची आणि खेडुतांची टिंगल करणारे संवाद त्यांनी गाळले. ते करायलाच हवे होते, आणि कलावंतांनी स्वतः केले म्हणून ते नीटही झाले. अडचण पुढे आली: हसायचे कुणाला? जमीनदार आणि परकीय सैन्य यांना हसून किती दिवस भागणार? हे ची या लेखकाने या पेचातून वाट काढून एक संवाद लिहिला आणि तिआनजिनच्या मा सानली यांनी तो गाजविला. एका मोठ्या दुकानातला निष्काळजी कारकून शहराच्या ईशान्य कोपऱ्यातून माकड छापाच्या साबणाच्या पन्नास पेट्या आणण्याचा कागद लिहायला बसतो आणि घाईत लिहितो की ईशान्येकडून पन्नास माकडे आणावीत. साहेब न वाचता सही करतात. खरेदी करणारा हुकूम म्हणून मुकाट्याने निघतो आणि माकडांच्या शोधात देशभर वणवण करतो, कुणीही ‘कशाला?’ असे विचारीत नाही, आणि शेवटी माकडे दुकानात सुटून एकच हलकल्लोळ माजतो. ज्याने कधी सरकारी कचेरीत एक दाखला काढला आहे त्याला या विनोदाची फोड करून सांगण्याची गरज नाही. तो समाजवादाच्या विरोधात नव्हता, बेफिकिरीच्या विरोधात होता. नोकरशाहीवर टीका करा, असे वरून सांगितलेही जात होते. तरीही टीकाकारांना ‘उजवे’ ठरवून शिक्षा करणारी जी उजव्यांविरुद्धची मोहीम १९५७ ला सुरू झाली, तीत हे ची यांच्यावर शिक्का बसला आणि मा सानलीही त्यातून सुटले नाहीत. त्यांचे पगार ज्या व्यवस्थेकडून येत होते, तिनेच त्यांच्या विनोदाचा निकाल लावला. दाद मागायला दुसरे दार उरले नव्हते.

चित्रपटांबद्दल थोडक्यात लिहितो. वू शुन नावाचा भिकारी एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. भीक मागून जमविलेल्या पैशातून त्याने गरिबांसाठी शाळा काढल्या. सुन यू यांनी त्याच्यावर काढलेला चित्रपट १९५१ च्या आरंभी झळकला तेव्हा त्याचे कौतुकच झाले. २० मे १९५१ रोजी पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या दैनिकात माओंनीच लिहिलेला अग्रलेख आला: सरंजामी व्यवस्थेला हात न लावता तिच्यापुढे गुडघे टेकणाऱ्याचा गौरव कसा काय होऊ शकतो? मुष्टिफंडातून वसतिगृहे चालविणाऱ्यांना जेथे लोक कर्मवीर म्हणतात तेथल्या वाचकाला हा आरोप समजायला वेळ लागेल. त्यानंतर कौतुक करणाऱ्यांनी जाहीर माफीनामे लिहिले, पटकथा मंजुरीच्या फेऱ्यांत अडकू लागल्या, चित्रपटांची निर्मिती रोडावली, आणि १९५३ पर्यंत शांघायच्या खासगी चित्रसंस्था सरकारी संस्थेत विलीन झाल्या होत्या. कोणता चित्रपट उद्या गुन्हा ठरेल हे कळत नसेल तर काहीही न काढणे, हा शहाणपणाचा मार्ग होता.

या धोरणाचा फोलपणा खुद्द चिनी राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आला होता. १९५६ च्या एप्रिलमध्ये झेजिआंगच्या एका मंडळीने खुन्चू या मरणपंथाला लागलेल्या प्राचीन शैलीतले ‘पंधरा माळा नाणी’ हे नाटक बीजिंगला आणले. घाईने देहदंड ठोठावणारे अधिकारी, आणि स्वतः जागेवर जाऊन चौकशी करून निरपराध्यांना वाचविणारा एक न्यायी अंमलदार, अशी गोष्ट. मूळ नाटकात त्या अंमलदाराला स्वप्नात सूचना मिळते. सुधारित रूपात स्वप्न काढले, दोन समांतर कथानकांपैकी एक वगळले, आणि नाटक खरोखरच सरस झाले. एका नाटकाने एक नाट्यप्रकार वाचविला, असा अग्रलेख ‘पीपल्स डेली’ने लिहिला. कसबी माणसांच्या हाती सुधारणा दिली तर काय होते, याचे हे उदाहरण मी आवर्जून देतो, कारण चीनची सारीच सुधारणा वाया गेली असे माझे म्हणणे नाही. पुढच्या वर्षी, १९५७ च्या मे महिन्यात त्या २६ नाटकांवरील बंदीही उठली. पण लगेच जूनमध्ये उजव्यांविरुद्धची मोहीम सुरू झाली, आणि दार उघडले आहे असे समजून बोललेले लोक तीत सापडले. सांस्कृतिक क्रांतीची ठिणगीही एका ऐतिहासिक नाटकावरील टीकेतूनच १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये पडली, आणि मग काही वर्षे त्या अवाढव्य देशाच्या रंगमंचावर मोजक्या ‘आदर्श’ कलाकृतींखेरीज फारसे काही उरले नाही. सुधारणेला साह्य करणारे लाओ श यांचा देह १९६६ च्या ऑगस्टमध्ये बीजिंगच्या एका तळ्यात सापडला.

आपल्याकडेही लोककलेचा आशय बदलला आहे, आणि तो सरकारने बदललेला नाही. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून वगाला लोकनाट्याचे रूप दिले. त्यांची राजकीय मते चीनच्या सुधारकांशी पुष्कळशी जुळणारी होती. पण त्यांच्या हातात बंदीचा शिक्का नव्हता, तो उलट त्यांच्यावरच उमटत होता. लोकांना आवडेल तरच खेळ पुढच्या गावी जाईल, या एकाच अटीवर त्यांनी जे बदलायचे ते बदलले. इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा कुणासाठी होता आणि १९१० साली खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक का बंद पडले, हे शाळेत शिकलेल्या समाजाने तोच शिक्का तालुक्याला मागून घ्यावा, याचे मला नवल वाटते.

कलाकेंद्रांबद्दलच्या तक्रारी खोट्या आहेत, असे मी म्हणत नाही. ढोलकी-पेटी बाजूला सारून डीजेवर चाललेला धांगडधिंगा मलाही रुचत नाही, आणि जेथे मुलींचे शोषण होते तेथे पोलिसांनी विद्यमान कायद्यानेच कारवाई करायला हवी. त्यासाठी वग वाचण्याची गरज नाही. शासनाला लोककलेसाठी काही करायचे असेल तर करण्यासारखे पुष्कळ आहे: फडांना उचलीऐवजी कमी व्याजाचे कर्ज, फिरतीवरच्या मुलांच्या शाळेची सोय, यात्रेच्या जागी बायकांसाठी बंद न्हाणीघरे आणि स्वच्छतागृहे, पावसाने बुडालेल्या खेळांसाठी विमा, आणि वृद्ध कलावंतांचे मानधन वेळेवर. यातील कशासाठीही ‘तुम्ही काय बोलता ते लिहून द्या’ असे विचारावे लागत नाही. आपल्या स्तंभातून ही मागणी मांडली जावी, आणि मानधनाची व अनुदानाची शिफारस करणाऱ्या समित्यांवर संहिता मंजूर करणारी माणसे कोणत्याही परिस्थितीत नेमली जाऊ नयेत, एवढी स्पष्ट अट तीत असावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक,
अंबाजोगाई (जि. बीड)